‘केंद्रकीतील’ ही सप्तमी
न्यूक्लिओफॉस्मिनला ‘केंद्रकीतील प्रथिन’ म्हणून सोडून देण्याचा पाठ्यपुस्तकी प्रघात आम्हांस मान्य नाही. येथे सप्तमीच व्याख्या होऊन बसते. केंद्रकीत ते रायबोझोमच्या घडणीस हातभार लावते, हे खरे. परंतु ते ताराकायासही चिकटलेले असते. सीडीके-२ या विकराने त्यास फॉस्फेट जोडला म्हणजे ते सुटते व विभाजनापूर्वी ताराकायाचे द्विगुणन सुरू होते, असे २००० साली दाखविले गेले. (‘बी-२३’ हे जुने नावही स्थानवाचकच, पण जेलवरील ठिपक्याचे, त्याने निदान कोणी फसत नाही.) २००५ मध्ये तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सुमारे एक-तृतीयांश प्रौढ रुग्णांत ते पेशीद्रव्यात आढळले. हा केवळ स्थानभ्रंश नव्हे, कारण निरोगी पेशीतही ते ये-जा करतेच. उत्परिवर्तनाने बाहेर नेणारी खूण वाढते आणि केंद्रकीत धरून ठेवणारी नाहीशी होते. बिघडते ते परतणे.