पुणे सार्वजनिक सभा आणि भीमथडी-शिरूरची रयत : एका धोरणसंस्थेची चिकित्सा

प्रास्ताविक

शासनाच्या धोरणांचा अभ्यास करणे, त्यावर अहवाल सिद्ध करणे आणि सत्ताधाऱ्यांपुढे पर्याय मांडणे हे कार्य करणाऱ्या संस्थांना आज विचारगट किंवा धोरणसंशोधन संस्था म्हटले जाते. महाराष्ट्रात या परंपरेत १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था, १९५६ मध्ये मुंबईत निघालेला फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज, १९८२ मध्ये स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी अशा परस्परभिन्न विचारांच्या संस्था येतात. यांतील प्रत्येक संस्थेबाबत एक प्रश्न विचारला जातो : ही संस्था बोलते ती कोणाच्या वतीने ? हा प्रश्न नवा नाही. तो प्रथम उभा राहिला तो पुणे सार्वजनिक सभेच्या संदर्भात. आणि त्याची कसोटी लागली ती पुण्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात, म्हणजे तत्कालीन भीमथडी व शिरूर या तालुक्यांत. आजचा दौंड तालुका हा त्या वेळच्या भीमथडीचाच भाग होय.

सभेचे 'सार्वजनिक'पण

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सभेचे मूळ पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारीत होते, ही बाब सहसा ओझरती सांगितली जाते. वस्तुतः ती महत्त्वाची आहे. देवस्थानच्या पैशाचा हिशेब मागण्यासाठी एकत्र आलेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळीतून ही संस्था उभी राहिली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्षस्थानी आले आणि गणेश वासुदेव जोशी यांनी कार्याचा भार उचलला. 'सार्वजनिक काका' ही त्यांची उपाधी याच कार्यातून आली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. प्रातिनिधिकतेची एवढी काटेकोर अट त्या काळातील अन्य कोणत्याही संस्थेने घातलेली क्वचितच आढळेल. परंतु मुखत्यारपत्र मिळवणारे हात सरदार, इनामदार, सावकार, वकील व निवृत्त सरकारी नोकर यांचे होते. सभासदांत ब्राह्मणांचे प्राबल्य होते. सही करणाऱ्याने आपला आवाज सोपवून दिला, पण तो परत मागण्याची तरतूद मात्र कोठे नव्हती.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेच्या कार्याला अभ्यासाची शिस्त लागली. १८७३ मध्ये सभेच्या उपसमितीने शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीविषयी अहवाल तयार केला. जमीनमहसुलाची आकारणी हे रयतेच्या हलाखीचे प्रमुख कारण आहे, हे त्याचे प्रतिपाद्य होते. इंदापुरात १८६७ पासून व पुढे भीमथडीसह अन्य तालुक्यांत झालेल्या फेरआकारणीवर सभेने सातत्याने हरकत घेतली. ही हरकत निराधार नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी ओसरल्यानंतरही वाढीव दर कायम राहिले होते. १८७४ मध्ये सरकारलाच तालुक्यावरील एकूण वाढ ३३ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. धोरणसंस्था म्हणून सभेचे हे यश मान्य केलेच पाहिजे.

कर्डे आणि सुपे

पण रयतेने आपला राग व्यक्त केला तो मामलेदाराच्या कचेरीवर नव्हे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे काळूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर लिलावात घेतले व ते पाडण्यास आरंभ केला. देशमुखांच्या प्रेरणेने गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याची शेती कोणी करावयाची नाही, बलुतेदारांनी त्याचे काम करावयाचे नाही, असे ठरले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे (आज बारामती तालुक्यात) येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे व दुकाने लुटली. चोवीस तासांच्या आत सुमारे चौदा मैलांवरील दुसऱ्या गावी एका प्रमुख सावकाराचे घर जाळण्यात आले. उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोखे, खतपत्रे व हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा त्याचा मुख्य हेतू होता. शारीरिक हिंसा तुलनेने अल्प घडली. ९५१ जणांना अटक झाली, त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

येथे दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक ठरते. पहिली ही, की कर्ड्याच्या बहिष्काराचा नायक दरिद्री कुणबी नसून प्रतिष्ठित देशमुख होता. कनिष्ठ शेतकऱ्याचा उठाव म्हणून रंगवल्या जाणाऱ्या चित्रात ही व्यक्ती नीट बसत नाही, म्हणून बहुधा ती वगळली जाते. दुसरी अधिक अडचणीची आहे. हल्ले मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर झाले. त्याच गावांतील अन्य जातींच्या सावकारांना बहुतांशी झळ पोहोचली नाही. याचा अर्थ ते सावकार दयाळू होते असा घ्यावयाचा, की गावाच्या सत्तारचनेत त्यांचे स्थान निराळे होते असा ? दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

इतिहासकारांत या उठावाविषयी मतभेद आहेत. रवींदर कुमार यांनी फेरआकारणीविरुद्धच्या सभेच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणाशी त्याचा संबंध जोडला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मधील लेखात उठावाची व्याप्ती व परिणाम यांना फार मोठे रूप दिले गेले, असे प्रतिपादन केले. क्रमिक पुस्तकांत मात्र 'दख्खनचे दंगे' या दोन शब्दांवर विषय आटोपतो. रोखे निवडून जाळणाऱ्या जमावाच्या कृतीला 'दंगा' म्हणावे काय, हा प्रश्न शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या वर्गात तरी विचारला जावा.

दोन सोयीस्कर निदाने

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा भर सावकारी व दिवाणी न्यायालये यांवर राहिला. महसुलाच्या वाढीला त्याने गौण स्थान दिले. सभेचा भर महसुलावर राहिला. सावकारी हा तिच्या दृष्टीने रोगाचे लक्षण होते, रोग नव्हे. दोन्ही निदानांत तथ्य आहे आणि दोन्ही निदाने करणाऱ्याला सोयीची आहेत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनी दावा मुदतबाह्य होत असल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत असे. महसूल भरण्यासाठी कर्ज आणि ते फेडण्यासाठी पुन्हा कर्ज, ही साखळी सरकार व सावकार या दोघांनी मिळून घडवलेली होती. भीमथडीच्या शेतकऱ्याला ती निम्मी-निम्मी वेगळी करून दाखवण्याची गरज पडली नाही.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. न्यायालयाला रोख्यामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला, कर्जापोटी कैद रद्द झाली, ग्रामनिबंधक व सलोखेकार नेमले गेले. रानडे यांनी पुढे या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधिकारी म्हणून काम केले. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी मांडलेल्या शेतकी पेढीच्या योजनेलाही त्यांचा पाठिंबा होता. ती योजना लंडनमध्ये नामंजूर झाली. मात्र १८८३ मधील प्रशियाच्या जमीनविषयक कायद्यांवरील लेखनात रानडे यांची एक निराळी भूमिका दिसते. भांडवल व कर्तृत्व असलेल्या वर्गाच्या हाती काही प्रमाणात जमीन एकवटणे त्यांना स्वाभाविक व इष्टही वाटत होते. उदारमतवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारवंताची मालमत्तेविषयीची ही भूमिका मूलतः स्थितिवादी होती. कर्ड्यात ज्याचे घर पाडले जात होते त्याला या दीर्घकालीन स्वाभाविकतेचा उपयोग नव्हता.

जोतीराव फुले यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये त्यांनी सरकारी नोकरशाही, भटशाही व सावकारी यांची एकत्र चिकित्सा केली. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, या रानडे यांच्या प्रतिपादनाला १८८५ मधील 'इशारा' या पुस्तिकेतून उत्तर दिले. फुल्यांची भाषा प्रखर आहे आणि सभेच्या आकडेवारीतील श्रम त्यांनी पुरेसे मोजले नाहीत, असा आक्षेप घेता येईल. पण शूद्रातिशूद्रांवाचून कसले 'सार्वजनिक', या त्यांच्या प्रश्नाला सभेकडून समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

१८९५ चा सत्तापालट

जुलै १८९५ मध्ये बाळ गंगाधर टिळक यांच्या गटाने निवडणुकीद्वारे सभा ताब्यात घेतली. सामाजिक सुधारणांना विरोध करणारा सनातनी वर्ग या गटाच्या पाठीशी होता. त्याच वर्षअखेर पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू न देण्याचा वाद याच संघर्षाचे दुसरे रूप होते. १८८७ पासून सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करणारे गोपाळ कृष्ण गोखले बाहेर पडले. १८९६ मध्ये रानडे-गोखले यांनी डेक्कन सभा काढली.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा 'मवाळ विरुद्ध जहाल' असे केले जाते. त्यामुळे एक विसंगती झाकली जाते. सामाजिक बाबतीत स्थितिवादी असलेल्या गटाच्या हाती गेल्यावरच सभा प्रथम खऱ्या अर्थाने खेड्यात गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात तिच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत छापून वाटल्या आणि पीक बुडाले असता सारा तहकूब होऊ शकतो, हे शेतकऱ्यांना समजावले. विद्वत्तापूर्ण निवेदने इंग्रजीत सरकारला पाठवणारी सभा आता रयतेशी मराठीत बोलू लागली. सरकारला हेच रुचले नाही. १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. निवेदन लिहिणारी संस्था सरकारला चालते, निवेदनाचा अर्थ गावात सांगणारी चालत नाही, हा अनुभव पुढेही अनेक संस्थांच्या वाट्याला आला.

तथापि या जवळिकीलाही मर्यादा होती. सारा कमी करा, ही मागणी टिळकांनी निर्भयपणे केली; सावकाराच्या प्रश्नावर मात्र 'केसरी'चा सूर बचावाचा होता. सावकार हा खेड्याच्या अर्थव्यवस्थेचा आवश्यक घटक असून साहाय्य कायद्याने शेतकऱ्याची पत घटली, अशी त्याची भूमिका राहिली. पत घटली हे काही अंशी खरेही होते, कारण सरकारने सावकाराचे हात बांधले, पण पतपुरवठ्याची पर्यायी व्यवस्था उभी केली नाही.

१९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती आणून, थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन हस्तांतराचा अधिकार वगळून पुन्हा देण्याची तरतूद केली. सरकारचा हेतू निखळ नव्हता. दुष्काळाने थकलेल्या महसुलाची चिंता त्यामागे होती. पण जमीन सावकाराकडे जाण्याचा मार्ग त्यामुळे काही अंशी बंद होणार होता. विधिमंडळात गोखले यांनी त्यास विरोध केला आणि फिरोजशहा मेहता यांच्यासह सभात्याग केला. 'केसरी'नेही विरोधच केला. सहा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या ताब्यासाठी भांडलेले दोन्ही पक्ष, रयतेने जमीन गहाण टाकण्याचा आपला हक्क गमावू नये, या मुद्द्यावर एकाच बाजूस उभे होते.