न कापलेला पाव

चेकॉव्ह लेखनाला लागला त्या काळीं, म्हणजे 1880 नंतरच्या वर्षांत, रशियांतील वृत्तपत्रें नाताळ आणि ईस्टर या दोन सणांसाठीं मुद्दाम कथा मागवीत. आपल्याकडे 1909 सालीं 'मनोरंजना'नें दिवाळी अंकाची जी प्रथा पाडली तिची येथें वाचकांस आठवण होईल. या ईस्टर-कथांचा सांचा ठरलेला असे. चर्चच्या घंटा वाजूं लागल्या कीं कोणी कठोर सावकार पाझरावा, रुसून गेलेला मुलगा घरीं परतावा, आणि अखेरीस सर्वांनीं एका मेजाभोवतीं बसून गोडधोड खावें. चेकॉव्हनेंहि संपादकांची ही मागणी पुष्कळदां पुरविली. परंतु 1886 ते 1902 या काळांत त्यानें या सणावर ज्या कथा लिहिल्या त्यांतील चार आम्ही नुकत्याच पुन्हां एकत्र वाचल्या, तेव्हां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. या चारहि कथांत सण आहे, आनंद आहे, आणि त्या आनंदाच्या उंबरठ्याबाहेर राहिलेला एक माणूस आहे. चेकॉव्हची नजर त्या माणसावरून हलत नाहीं.

कथांकडे वळण्यापूर्वीं सणाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. रशियन चर्चच्या रीतीप्रमाणें ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासांत मांस तर वर्ज्य असतेंच, पण दूध, लोणी आणि अंडींहि वर्ज्य असतात. म्हणूनच ईस्टरच्या पक्वान्नांत नेमका याच पदार्थांचा सुकाळ! लोणी, अंडीं, साखर व मनुका घालून भाजलेला उंच गोल पाव, त्याचें नांव कुलीच. दक्षिणेकडे त्यालाच पास्का म्हणतात. त्याच्या जोडीला तांबडीं रंगविलेलीं अंडीं. हें सर्व चर्चमध्यें नेऊन मध्यरात्रीच्या उपासनेनंतर मंत्रपूत करून घ्यावयाचें, आणि पहांटे घरीं आणून त्याच्याच पहिल्या घासानें उपवास सोडावयाचा. प्रसाद आणि पारणें हीं दोन्ही येथें एकाच घासांत येतात, हें ज्याच्या मनांत ठसलें नाहीं त्याला 'कोसॅक' ही 1887 मधील कथा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे.

मॅक्सिम तोर्चाकॉव्ह हा खंडानें शेत करणारा गृहस्थ आपल्या तरुण पत्नीसह चर्चमधून गाडींत बसून घरीं निघाला आहे. सूर्य अजून उगवावयाचा आहे, लग्न होऊन फार दिवस झालेले नाहींत, दोघांचा हा पहिलाच ईस्टर आहे, आणि शेजारीं पांढऱ्या फडक्यांत गुंडाळलेला मंत्रपूत पाव आहे. अर्ध्या वाटेवर एक आजारी कोसॅक शिपाई रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो. तो रजेवर घरीं चालला आहे, पण आतां त्याच्यानें पुढें जाववत नाहीं. सणाचें अभिवादन होतें, विचारपूस होते, आणि कोसॅक पावाचा एक तुकडा मागतो. त्यालाहि उपवास सोडावयाचा आहे. मॅक्सिम तयारच आहे, मात्र त्याच्यापाशीं चाकू नाहीं आणि मोडला तर सगळा पाव बिघडेल. एवढ्यांत पत्नी लिझावेता आडवी येते. पाव घरीं जाण्यापूर्वीं कापूं द्यावयाचा नाहीं. मंत्रपूत अन्न माळरानावर कुसकरणें हें पाप. शिपायानें गांवांत जावें आणि तेथें कोणाच्या तरी घरीं उपवास सोडावा. मॅक्सिम हंसतो, बायको परवानगी देत नाहीं असें गमतीनें सांगून कोसॅकची क्षमा मागतो, आणि गाडी हांकतो.

या कथेंतील खरा मर्मबिंदु आमच्या मतें तें हंसणें होय. बायकोच्या धाकाचा विनोद सर्व देशांत चालतो. आपल्या विनोदी वाङ्मयाचा तर निम्मा संसार त्यावरच चालला आहे. पण येथें तो विनोद एका माणसाला उपाशी मागें टाकण्यासाठीं वापरला जातो, आणि वापरणाऱ्याला त्या क्षणीं त्याची जाणीवहि नसते. ती होते घरीं उपवास सोडावयास बसल्यावर! मग मॅक्सिम गड्याच्या हातीं पाव आणि अंडीं देऊन त्याला शोधावयास धाडतो, स्वतः घोड्यावर बसून जातो. पण कोसॅक कोठेंहि सांपडत नाहीं. त्या दिवशीं पतिपत्नींत जी तेढ पडते ती वाढतच जाते. मॅक्सिम दारूच्या आहारीं जातो, गुरेंढोरें जातात, कर्ज वाढतें. शुद्धीवर असला म्हणजे तो माळावर भटकतो. कोसॅक पुन्हां भेटेल अशी त्याला आशा आहे.

या शेवटावर आमचा आक्षेप आहे. पावाच्या एका तुकड्यासाठीं संबंध संसाराची राखरांगोळी दोनचार परिच्छेदांत उरकणें हें बोधकथेचें काम आहे; चेकॉव्हच्या लेखणीवर त्या काळीं टॉलस्टॉयची छाया पडली होती, ती येथें उघड दिसते. परंतु लिझावेतेला केवळ निर्दय ठरवून मोकळे होणाऱ्या टीकाकारांशीं मात्र आमचें जमत नाहीं. ती बाई तिच्या परीनें धार्मिकच आहे. कापलेला पाव घेऊन घरीं कोणत्या तोंडानें जावें ही तिची अडचण आहे. देवाला नैवेद्य दाखविल्याशिवाय पोळीचा कोपरा मोडूं न देणारी गृहिणी ज्या वाचकानें आपल्या घरांत पाहिली असेल, त्याला लिझावेता परकी वाटूं नये. रामेश्वराला न्यावयाचें गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखीं घालणाऱ्या एकनाथांची कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतों. पण ज्यानें ती कावड इतक्या लांबून खांद्यावर आणली त्यालाच ती ओतण्याची किंमत कळते. लिझावेतेच्या बाजूनें एवढें तरी म्हटलें पाहिजे कीं, पवित्र वस्तु सांभाळणें हें सोपें काम नव्हे, आणि तें काम घरांत बहुधा बायकांच्याच वांट्यास येतें. चेकॉव्हनें तिच्या मुखीं घातलेले युक्तिवाद एकूणएक शास्त्रशुद्ध आहेत, म्हणूनच ते इतके भयंकर वाटतात.

'पवित्र रात्रीं' ही 1886 मधील कथा कलेच्या दृष्टीनें हिच्याहून सरस आहे. येरोनिम हा मठवासी नदीवर तराफा चालवितो. पलीकडे मठांत दीप उजळले आहेत, लोकांची रीघ लागली आहे. पण त्याला सुटी द्यावयास कोणी येत नाहीं. सुंदर स्तोत्रें रचणारा त्याचा एकुलता मित्र त्याच दिवशीं वारला आहे. मठांत गर्दी इतकी आनंदांत आहे कीं स्तोत्रांचे शब्द कोणी ऐकतच नाहीं. ते ऐकण्यासाठीं ज्याचा जीव तळमळतो तो अलीकडे दोर ओढीत उभा! सकाळ झाली तरी तो तेथेंच असतो. 'विद्यार्थी' (1894) ही तर चारपांच पानांचीच कथा, आणि तिचा आरंभ रिकाम्या पोटानें होतो. गुड फ्रायडे असल्यामुळें घरीं चूल पेटलेली नाहीं, वारा बोचरा आहे. असा हा उपाशी विद्यार्थी दोन विधवांच्या शेकोटीपाशीं थांबून, अशाच एका शेकोटीपाशीं पीटरनें आपल्या गुरूला कसें नाकारलें तें सांगतो, आणि त्यांतील एक बाई रडूं लागते. त्याची भूक भागली असें चेकॉव्ह कोठेंहि म्हणत नाहीं. पण तो निघतो तेव्हां त्याचें मन भरून आलेलें असतें.

या कथांवरून चेकॉव्ह श्रद्धावान होता कीं नास्तिक होता हा वाद टीकाकारांनीं पुष्कळ घातला आहे. तागानरोगच्या त्याच्या वाण्याचें दुकान चालविणाऱ्या बापानें मुलांना चर्चच्या गायकवृंदांत सक्तीनें गावयास लावलें, आणि आतां आपल्यापाशीं धर्म उरलेला नाहीं असें चेकॉव्हनें 1892 सालच्या एका पत्रांत स्पष्ट लिहिलें, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण उपासनेचे शब्द, त्यांची लय, मेणबत्त्यांचा वास हें सर्व ज्याच्या अंगांत मुरलें होतें त्याला सणाची थट्टा करण्याची गरजच पडली नाहीं. त्याचा विनोद सणावर नसून सणांतल्या माणसांवर आहे, आणि त्याचा सर्वांत गोड नमुना 'बिशप' या 1902 मधील कथेंत सांपडतो. बिशप मरणोन्मुख आहे. त्याची म्हातारी आई आपल्याच मुलाच्या पदाला भिऊन त्याच्याशीं अदबीनें बोलते. आठ वर्षांची भाची कात्या जेथें जाईल तेथें कांहीं तरी पाडते, फोडते. आणि कशावरहि खूष नसलेला वृद्ध साधु सिसॉय सर्व गोष्टींना नापसंती दर्शवीत घरभर वावरतो. हंसावें कीं रडावें हें वाचकाला कळत नाहीं. ईस्टरच्या आदल्या दिवशीं पहांटे बिशप मरतो; त्यापूर्वीं, तो अगदीं मरणाला टेकल्यावर कोठें, आई पद विसरून त्याला लहानपणच्या नांवानें हांक मारते. दुसऱ्या दिवशीं गांवभर घंटा घणघणतात, बाजारांत झोके आणि बाजे चालू होतात, आणि महिन्याभरांत नवा बिशप येतो. पुढें आई दूरच्या एका लहान गांवीं जांवयाकडे राहूं लागते. संध्याकाळीं गाय आणावयास कुरणावर गेली कीं ती इतर बायांना आपल्या मुलानातवंडांच्या गोष्टी सांगे, आणि आपला एक मुलगा बिशप होता हें सांगतांना भीतभीत सांगे. कारण तें कोणाला खरें वाटणार नाहीं अशी तिला शंका असे, आणि सर्वांना तें खरें वाटतहि नसे.