अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन : 'फरक स्पष्ट करा'च्या पुढे

इंग्रजीतले 'अ‍ॅक्युरसी' आणि 'प्रिसिजन' हे शब्द शब्दकोशात बहुधा एकमेकांचे अर्थ म्हणूनच दिलेले असतात. मराठीत आपणही दोन्हींना 'अचूकता' म्हणून मोकळे होतो. विज्ञानात मात्र ते वेगळे आहेत. पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजमापांचा आपसातला मेळ म्हणजे प्रिसिजन, आणि मोजमापाचा खऱ्या मूल्याशी असलेला मेळ म्हणजे अ‍ॅक्युरसी. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाला एवढे उत्तर पुरते. आमची तक्रार इथूनच सुरू होते.

हा फरक समजावताना बहुतेक पुस्तके नेमबाजीच्या फळ्याचे चित्र देतात. भोके एकत्र पण कडेला असली तर नुसती प्रिसिजन, आणि विखुरलेली पण मध्याभोवती असली तर नुसती अ‍ॅक्युरसी. चित्रात फळ्याचा मध्य दिसतो, हीच त्यातली खोट आहे. प्रयोगशाळेत आपल्याला फक्त भोके दिसतात. मध्य कुठे आहे हेच तर शोधायचे असते! भोकांच्या दाटीवरून प्रिसिजन कळेल, अ‍ॅक्युरसी नाही. त्यासाठी दुसरे उपकरण, दुसरी पद्धत किंवा प्रमाणित वस्तू लागते.

याची किंमत काय असू शकते ते हबल दुर्बिणीने दाखवले. १९९० साली अवकाशात सोडलेल्या या दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा अतिशय काटेकोरपणे घासलेला होता, पण चुकीच्या आकारात! त्याची कड सुमारे २.२ मायक्रोमीटरने जास्त सपाट झाली होती. आरसा तपासण्याच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते, आणि त्याच उपकरणावर विसंबून काम चालले होते. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी दोष दाखवला होता. पण ती कमी भरवशाची म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दृष्टिदोष दूर केला.

पुस्तकांतला दुसरा गैरसमज असा, की जास्त वाचने घेऊन सरासरी काढली की अ‍ॅक्युरसी वाढते. साधा लंबक घेऊ. त्याची खरी लांबी ५० सेंटिमीटर आहे, पण विद्यार्थ्याने दोरी मोजली आणि गोळ्याची १ सेंटिमीटर त्रिज्या धरायची विसरली. मग 'जी'चे मूल्य २ टक्क्यांनी कमी, म्हणजे ९.८ ऐवजी सुमारे ९.६ येईल. पाच वेळा करा की पन्नास वेळा, सरासरी ९.६ च्या आसपासच राहील. सरासरीने विखुरलेपणाचा परिणाम कमी होतो, सर्व वाचनांत सारखी असलेली चूक जात नाही.

संज्ञाही वाटते तितक्या पक्क्या नाहीत. १९९४ च्या आयएसओ ५७२५ या प्रमाणकात सरासरीच्या खऱ्या मूल्याशी असलेल्या जवळिकीला 'ट्रूनेस' म्हटले आहे, आणि अ‍ॅक्युरसीत ट्रूनेस व प्रिसिजन या दोन्हींचा समावेश केला आहे. या अर्थाने विखुरलेल्या भोकांना 'अ‍ॅक्युरेट पण प्रिसाइज नाही' म्हणणारे चित्र टिकत नाही. दोन रकान्यांचा तक्ता पाठ करून घेताना ही गोष्ट हरवते.

खरे नुकसान मात्र व्याख्येचे नाही. ज्या मुलाची वाचने ९.५८, ९.५९, ९.५७ आली, त्याने शेवटी वहीत काय लिहिले? बहुधा ९.८. कारण गुण त्या आकड्याला आहेत हे त्याला ठाऊक असते. आपणही विद्यार्थी असताना हे केलेले आहे. त्या मुलाच्या हातात मोलाचा पुरावा होता. वाचने एकमेकांशी जुळतात पण खऱ्याशी जुळत नाहीत, म्हणजे चूक हाताच्या थरथरीत नसून पद्धतीत आहे. आकडा बदलला आणि तो पुरावा पुसला गेला.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. फळ्याचे चित्र दाखवा, पण मध्य झाकून. मुलांना विचारा, 'आता काय सांगता येईल आणि काय नाही?' आणि ९.६ लिहून त्याचे कारण शोधणाऱ्या मुलाला, ९.८ लिहून गप्प बसणाऱ्यापेक्षा दोन गुण जास्त द्या.