चित्रपट-उद्यानातील प्रेक्षक : एक रसविचार

करमणुकीची उद्याने हा वाङ्मयविवेचनाचा विषय होऊ शकतो काय, याविषयी मतभेद संभवतो. आकाशपाळणे, चक्रे आणि घसरगाड्या यांपासून मिळणारा आनंद मुख्यतः शरीराचा असतो; त्याला रसास्वाद म्हणणे म्हणजे अतिव्याप्तीचा दोष पत्करणे होय, हा आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु चित्रपटांच्या कथावस्तूंवर उभारलेल्या उद्यानास तो पुरतेपणी लागू पडत नाही. तेथे येणारा मनुष्य रिकाम्या मनाने येत नाही. पूर्वी पाहिलेली कलाकृती बरोबर घेऊन येतो, आणि उद्यान त्याच्यापुढे तिचा दुसरा अवतार ठेवते. या दुसऱ्या अवतारात प्रेक्षकाचे कलाकृतीशी असलेले नाते टिकते की पालटते, हा प्रश्न मात्र निश्चितपणे रसविचाराच्या कक्षेतला आहे. लॉस एंजलिसच्या परिसरातील 'युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलीवूड' या उद्यानात दुपार आणि सायंकाळ घालवणाऱ्या प्रेक्षकाला या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळतात.

या उद्यानाचे मूळ पाहिले म्हणजे त्यांतील पहिल्या उत्तराचा उगम कळतो. कार्ल लेमली याने १५ मार्च १९१५ रोजी 'युनिव्हर्सल सिटी' ही चित्रनगरी उघडली आणि २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहू देण्याचा प्रघात पाडला. तो मूकपटांचा काळ होता; बाकांवर बसलेल्या प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या किंवा खलनायकाची हुर्यो उडवली, तरी चित्रीकरणास बाधा येत नसे. पुढे बोलपट आला, प्रेक्षकाचा आवाज हीच अडचण ठरली आणि त्याला चित्रनगरीचे दार बंद झाले. ते पुन्हा उघडले १९६४ मध्ये, ट्राममधून घडवल्या जाणाऱ्या सहलीच्या रूपाने. दोन्ही वेळा प्रेक्षकाला बोलावले गेले ते चित्रपट कसा घडतो हे पाहण्यासाठी. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट काढला होता. रचनेचे रहस्य सांगितल्याने रचनेची मोहिनी ओसरत नाही, हा विश्वास या दोन्ही उपक्रमांच्या बुडाशी दिसतो.

दुपारची ट्रामची सहल अद्यापि याच विश्वासावर चालते. रुळांविना धावणाऱ्या जोडडब्यांच्या या गाडीत एक निवेदक असतो. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मधील टेकडीवरचे घर, 'बॅक टु द फ्यूचर' (१९८५) मधील घड्याळाच्या इमारतीचा चौक, 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (२००५) साठी खऱ्या विमानाचे तुकडे मांडून रचलेला अपघात, हे सारे तो दाखवत जातो. पडद्यावर ज्या घराने काळजाचा थरकाप उडवला, ते उन्हात एक जुने लाकडी घर दिसते. पण त्यामुळे 'सायको'चे मोल उणे होत नाही. एवढ्याशा सामग्रीतून केवढे भय निर्माण केले, या जाणिवेने ते वाढतेच.

'जॉज' (१९७५) चे उदाहरण याहून बोलके आहे. त्या चित्रपटाच्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे. त्यामुळे स्टीव्हन स्पिलबर्गला तो फारसा न दाखवता त्याची चाहूलच दाखवावी लागली, आणि चित्रपटातील भय पुष्कळ अंशी या अदर्शनातून निपजले. उद्यानात १९७६ पासून हाच शार्क एका तळ्यातून ट्रामच्या अंगावर येतो. मात्र येथे तो प्रत्येक फेरीला, नेमक्या जागी, न चुकता वर येतो. पाहणारे किंचाळतात आणि लागलीच हसतात. चित्रपटातील भयानक येथे हास्य आणि अद्भुत यांच्या सीमेवर येऊन उभा राहतो. हे रसांतर आहे, त्याला रसभंग म्हणता येणार नाही. कारण हसणाऱ्याला मूळ भयाचे स्मरण असते आणि त्याच स्मरणावर हे हास्य पोसते.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक असे की, प्रेक्षकाने रंगभूमीवरील सुखदुःख स्वतःचे किंवा अमुक एका परक्या व्यक्तीचे म्हणून बांधून टाकावे. असे झाले की साधारणीकरण खुंटते. या विघ्नावरचा त्याचा उपाय लक्षणीय आहे. पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाचा वेष यांच्या योगे 'हे नाट्य आहे' अशी जाणीव प्रेक्षकास अगोदर दिलेली असते, आणि तीच त्याला स्वतःच्या लाभहानीच्या विचारातून मोकळे करते. न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' ही संज्ञा योजून हीच द्विविध अवस्था सांगितली : दुसऱ्याच्या भूमिकेत शिरावे, पण आपले आपलेपण न सोडता. या दृष्टीने पाहिल्यास ट्राममधील निवेदक हा सूत्रधार ठरतो आणि त्याची बडबड ही प्रस्तावना ठरते.

सायंकाळी 'हॅरी पॉटर'च्या विभागात शिरणाऱ्याला मात्र सूत्रधार भेटत नाही. २०१६ मध्ये उघडलेल्या या विभागात हॉग्समीड गावाची उतरती छपरे बारमाही बर्फाने झाकलेली आहेत आणि त्यांच्या मागे हॉगवर्ट्सचा किल्ला उभा आहे. दुपारी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे बर्फ स्वतःचे कृत्रिमपण लपवू शकत नाही. दिवेलागणीनंतर ऊन सरते, खिडक्या उजळतात आणि उरलीसुरली साक्षही नाहीशी होते. किल्ल्यातील दालनांमधून पुढे सरकणारी रांग ज्या आसनांपाशी पोहोचते, ती यांत्रिक भुजांच्या टोकांना जोडलेली आहेत. परंतु ही भुजा प्रेक्षकाने पाहू नये अशीच तेथील सारी योजना आहे. विकत घेतलेली छडी ठरलेल्या जागी ठरलेल्या रीतीने फिरवली, की खिडकीतील वस्तू हलतात. येथे प्रेक्षक पात्राशी समरस होत नाही. पात्राच्या जागी तो स्वतःच बसवला जातो. उंचावरून पडण्याचे भय हॅरीचे नसते, आसनावरील माणसाचे असते. अभिनवगुप्ताने ज्याला विघ्न म्हटले, तेच या रचनेचे साध्य झाले आहे.

हा फरक केवळ दोन विभागांमधला नव्हे. काळाची गतीही त्याच दिशेने आहे. १९८६ मध्ये ट्रामच्या वाटेवर सुमारे ३० फूट उंचीचा यांत्रिक किंग काँग बसवला गेला. त्याच्या श्वासाला केळ्यांचा वास येईल अशी व्यवस्था केलेली होती. १ जून २००८ च्या आगीत तो नष्ट झाला. २०१० मध्ये त्याच्या जागी जे आले, त्यात पुतळा नाही. दोन्ही बाजूंच्या प्रचंड पडद्यांमध्ये ट्राम उभी राहते आणि हादरे खाते. पहिल्या काँगकडे पाहताना त्याच्या कर्त्याची आठवण होणे अपरिहार्य होते. दुसऱ्यापुढे तेवढी उसंतच मिळत नाही.

येथे असा आक्षेप घेता येईल की, किल्ला उभारणाऱ्यांचे कौशल्य शार्क करणाऱ्यांपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि लहानपणापासून त्या कादंबऱ्यांत रमलेल्या वाचकाला त्या गावातून हिंडण्याचा आनंद नाकारणे हा केवळ पांडित्याचा हट्ट होय. आक्षेपाचा पूर्वार्ध निःसंशय मान्य करण्याजोगा आहे. उत्तरार्धातही तथ्य आहे. प्रश्न आनंदाच्या प्रकाराचा आहे. शिवाय तन्मयता आणि जाणीव यांत वैर नाही, हे त्याच उद्यानातील 'वॉटरवर्ल्ड'च्या प्रयोगावरून दिसते. १९९५ मध्ये, चित्रपटाच्याच वर्षी, सुरू झालेल्या या प्रयोगात ज्या बाकांवर पाणी उडणार ती आधीच दाखवलेली असतात, आणि खेळापूर्वी नट प्रेक्षकांवर बादल्या रिकाम्या करून त्यांना आरोळ्या ठोकायला शिकवतात. ही उघड उघड प्रस्तावनाच होय. तिच्यामुळे पुढील स्फोट आणि प्रेक्षकांसमोर आदळणारे विमान यांची रंगत उणावत नाही. मूळ चित्रपट न पाहिलेला मनुष्यही तेथे रमतो, हेही या प्रयोगाच्या स्वयंपूर्णतेचे गमक मानता येईल.

तात्पर्य, चित्रपट-उद्यानाचे मूल्यमापन करताना भ्रम किती हुबेहूब साधला, एवढीच कसोटी पुरेशी नाही. भ्रम घडवणाऱ्या हातांची ओळख प्रेक्षकास दिली जाते किंवा नाही, हीही कसोटी लावावी लागेल. जो प्रेक्षक शार्कला भिऊन लागलीच हसतो, तो एकाच क्षणी रसिकही असतो आणि परीक्षकही. सायंकाळचा किल्ला त्याच्यातील रसिकाला भरभरून देतो. परीक्षकाला मात्र दाराबाहेर थांबवतो. १९१५ साली २५ सेंट देऊन बाकावर बसलेल्या प्रेक्षकास जो अधिकार होता, तो त्याच्या वारसाकडून असा अलगद काढून घेतला जात असेल, तर त्याची नोंद घेणे हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.