दोष शेपटीचा की पायलटचा?

सिनॉप्सिस लिहिताना 'याच्यामुळे हे झालं' असं वाक्य आपण फार घाईत टाकतो. म्हणून आज बीचक्राफ्ट बोनान्झा या छोट्या विमानाच्या शेपटीबद्दल.

१९४७ मध्ये बाजारात आलेल्या या विमानाला शेपटीत नेहमीच्या तीन पंखांऐवजी इंग्रजी 'व्ही'सारखे दोनच होते. नाक वर-खाली करणं आणि डावी-उजवीकडे वळवणं, दोन्ही कामं तेच करायचे. दावा असा, की एक पंख कमी म्हणजे हवेचा अडथळा कमी. पटतं ना? पण पर्सर आणि कॅम्पबेल यांनी १९४५ मध्येच दाखवलं होतं, की तेवढीच स्थिरता आणि ताबा हवा असेल, तर शेपटीचं एकूण क्षेत्रफळ सहसा कमी होत नाही. मोजायचं होतं क्षेत्रफळ, लोक मोजत होते पंख!

पुढे ही विमानं हवेत तुटू लागली. 'डॉक्टरांचा कर्दनकाळ' अशा अर्थाचं टोपणनावही पडलं. पैसा आहे पण सराव नाही, असे पायलट ढगात शिरतात, गोंधळतात, वेग हाताबाहेर जातो. म्हणजे दोष माणसाचा. हे खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. १९६० पासून जवळपास हेच विमान साध्या शेपटीसह 'डेबोनेअर' नावाने मिळत होतं. हवेत तुटण्याचं प्रमाण मात्र 'व्ही' शेपटीचंच कितीतरी जास्त.

मग शेपूट दोषी? थांबा. दोन्ही विमानं घेणारे, उडवणारे लोक सारखेच होते का? नुसत्या तुलनेतून संशय येतो, कारण कळत नाही.

कारण रचनेत सापडतं. १९५१ च्या 'सी-३५' मॉडेलमध्ये शेपटीचे पंख पुढच्या बाजूला रुंद केले, पण आतली पुढची आडवी तुळई होती तिथेच ठेवली. आमच्या लोहाऱ्यात टिनाचं छप्पर शेवटच्या बल्लीच्या फार बाहेर काढलं, की वावधानात आधी तीच कड फडफडते. तसंच हे. १९८७ मध्ये अमेरिकेत या कडेला बुडाशी आधार देणं सक्तीचं झालं.

म्हणजे 'व्ही' आकार स्वतः गुन्हेगार नव्हता. गुन्हेगार होती आधाराविना पुढे आलेली कड. आणि वेग हाताबाहेर गेल्यावर पायलटची चूक ती कड माफ करत नव्हती.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. 'मुळे' हा शब्द जिथे आहे, तिथे तुमच्याकडे फक्त तुलना आहे, की तुळईसुद्धा सापडली आहे?