संकेतस्थळ आणि त्यासमोर बसलेला माणूस

गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाची सरकारी संकेतस्थळांशी गाठ वर्षातून ठरावीक वेळी पडते. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला हवा असतो. रोवणी आटोपली की बांधीत उभ्या धानाची ई-पीक पाहणी करायची असते. कापणीच्या आगेमागे आधारभूत खरेदी केंद्रासाठी नोंदणी, आणि मग चुकारे कधी जमा होणार, बोनस मिळणार की नाही, याची चौकशी. हे वेळापत्रक तलाठ्याला पाठ असते, सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरालाही पाठ असते. ज्या संकेतस्थळांवर ही सगळी कामे होतात, त्यांना मात्र ते ठाऊक नसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपली सरकारी संकेतस्थळे दिसायला सुधारली, सुरक्षित झाली, मराठीत वाचता येऊ लागली. पण त्यांची मांडणी आजही कार्यालयाच्या रचनेवरून ठरते, येणाऱ्याच्या कामावरून ठरत नाही. जिथे ती कामावरून ठरवली गेली, तिथे फरक पडला आहे. म्हणून हा दोष साधनांच्या कमतरतेचा म्हणता येत नाही.

या मांडणीचे मूळ समजण्यासारखे आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ४ने प्रत्येक कार्यालयाला आपली रचना, कर्तव्ये, अधिकारी आणि त्यांचे अधिकार स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन घातले. ते बंधन मोलाचेच आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे जाहीर करण्याची जागा, ही समजूत त्यातून पक्की झाली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी ‘एस-थ्री-वॉस’ हा एकच साचा आणला. त्यामुळे देशभरातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळे सारखी दिसू लागली: जिल्ह्याविषयी, विभाग, निर्देशिका, पर्यटन, दस्तऐवज, सूचना. २०२५च्या सुरुवातीला राज्य शासनाने शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला, त्यातही संकेतस्थळ अद्ययावत करणे हे एक कलम होते. आता सालेकशाचा धान उत्पादक या साच्यासमोर बसला आहे असे समजू. त्याच्या दृष्टीने काम एकच आहे, धान विकणे. पण त्याचा सातबारा भूमी अभिलेखाकडे, पिकाची नोंद महसुलाकडे, खरेदी कुठे पणन महासंघाकडे तर आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाकडे, आणि पैसे बँकेत. ‘विभाग’ या शब्दावर बोट ठेवायचे तर त्याला आधी शासनाची अंतर्गत वाटणी माहीत हवी. ही वाटणी नागरिकाने शिकून यावे, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

सातबाऱ्याच्या महाभूलेख संकेतस्थळाने जे साधले ते कमी नाही. तलाठ्याच्या दप्तरात असलेला उतारा कुणालाही विनामूल्य पाहता येऊ लागला आणि २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. तरीही शोधाची सुरुवात वर्षानुवर्षे महसुली विभागापासून होत आली: आधी नागपूर विभाग, मग गोंदिया जिल्हा, मग तालुका, मग गाव. आपण नागपूर विभागात मोडतो ही गोष्ट प्रशासनाला महत्त्वाची आहे. अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याला आपले गाव आणि गट क्रमांक आठवतो. गावाचे नाव टाकल्यावर तालुका आणि जिल्हा आपोआप यावा, हे आज कोणत्याही नकाशाच्या ॲपमध्ये घडते. जेकब नील्सन या अभ्यासकाने फार पूर्वी मांडलेला नियम इथे लागू पडतो: माणसाचा बहुतेक वेळ इतर संकेतस्थळांवर जातो, म्हणून तो तिथल्याच सवयी घेऊन तुमच्याकडे येतो. गोंदियाचा माणूस व्हॉट्सॲप आणि यूट्यूबच्या सवयी घेऊन येतो. तो बोलून शोधतो, फोटो काढून पाठवतो, मागे जाण्यासाठी फोनचेच बटण दाबतो. अर्ध्यात मागे गेल्यावर भरलेला सगळा अर्ज पुसला जाणे, हा त्या सवयीचा अवमान आहे.

फोटोचे उदाहरण तर डोळ्यांत भरणारे आहे. ‘आपले सरकार’ या सेवा संकेतस्थळावर नोंदणी करताना छायाचित्र ५ ते २० केबी एवढ्याच वजनाचे आणि १६० पिक्सेल रुंदीचे मागितले जात आले आहे. साध्या फोनने काढलेला फोटो याच्या शंभरपटीहून मोठा असतो. तो लहान करणे संगणकाला क्षणाचे काम आहे, आणि ते काम संकेतस्थळानेच करायला हवे. पण ते नागरिकावर टाकले गेले. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला, त्या हक्काच्या दारातच वीस केबीची ही अट उभी राहते. मग माणूस केंद्रावर जातो, पैसे देतो, आणि अहवालात तो अर्ज ‘ऑनलाइन’ म्हणून मोजला जातो. संकेतस्थळाची गैरसोय अशी आकड्यांतून नाहीशी होते. संकेतस्थळांच्या रचनेची समीक्षा आपल्याकडे का होत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

सर्वांत गंभीर उदाहरण लाडकी बहीण योजनेच्या २०२५ सालच्या ई-केवायसीचे. त्या प्रक्रियेत लाभार्थी स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पती नाहीत आणि वडीलही हयात नाहीत, अशा स्त्रिया पडद्यासमोरच अडकल्या. शेवटी मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढवावी लागली आणि मृत्यू किंवा घटस्फोटाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. याच अर्जात कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा नकारार्थी विधानापुढे होय किंवा नाही निवडायचे होते. ‘नोकरीत नाही’ या विधानाला ‘नाही’ म्हटले की अर्थ उलटा होतो. चुकीचा पर्याय निवडल्या गेलेल्या अर्जांची पुढे अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी लागली. इथे स्त्रियांची काहीही चूक नव्हती. हा अर्ज गोंदिया शहरातल्या आणि देवरीच्या एखाद्या टोल्यावरच्या पाच स्त्रियांसमोर आधी ठेवला असता, तर दोन्ही दोष त्याच दुपारी कळले असते.

याउलट ई-पीक पाहणी पाहा. १५ ऑगस्ट २०२१ला हे ॲप राज्यभर आले तेव्हा त्याच्याविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. परंतु २०२२च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने गावाची एक सवय नीट ओळखली: चांगला फोन घराघरांत नसतो, तो गावातल्या काही पोरांकडे असतो. पहिल्या आवृत्तीत एका फोनवरून २० खातेदारांची नोंद करता येत होती, दुसरीत ती मर्यादा ५० झाली. चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. म्हणजे पहिल्या खेपेला माणूस चुकणारच, हे रचनेने मान्य केले. आधारभूत किमतीने विक्री करायची आहे का, हा प्रश्नही तिथेच विचारला गेला. पीक आणि विक्री ही दोन कामे शेतकऱ्याच्या मनात जोडलेली असतात, ती पडद्यावरही जोडली गेली. हे ॲप निर्दोष आहे असे नाही. जंगलपट्ट्यात स्थाननिश्चिती आणि नेटवर्क यांचा त्रास आहेच. पण वापरणाऱ्याकडे पाहून बदलणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, लोक शेवटी सेवा केंद्रावरच जातात, तेव्हा एवढा खटाटोप कशाला? मी म्हणेन, मग केंद्रावरचा तो चालकच तुमचा नेहमीचा अभ्यागत आहे; त्याच्यासाठी तरी रचना करा. तो दिवसभर तोच अर्ज भरतो, आणि शेजारी उभ्या माणसाला नाव, रक्कम, कागद विचारत असतो. अर्ज भरल्यावर त्या माणसाला स्वतःच्या फोनवर स्थिती कळावी, अर्ज कुठे अडला ते सोप्या मराठीत कळावे, एवढे झाले तरी त्याचे परावलंबन निम्मे कमी होईल. गोंदियात घरोघरी पोवारी, गोंडी, हिंदी बोलली जाते. केंद्रचालक तिथे दुभाष्याचेही काम करतो, हे विसरून चालणार नाही. दुसरा आक्षेप गैरवापराचा: अटी सैल केल्या तर अपात्र लोक घुसतील. पडताळणी हवीच. पण विधवेला अडवणारी अट अपात्राला अडवत नाही. तिसरा आक्षेप नवा आहे: आता सेवा व्हॉट्सॲपवर येत आहेत, संकेतस्थळे मागे पडतील. ते माध्यम लोकांच्या सवयीचे आहे, म्हणून स्वागतार्हही आहे. मात्र प्रश्नाची भाषा आणि कागदांची मागणी जुनीच राहिली, तर चॅटच्या खिडकीतही माणूस तिथेच अडकेल.

एकसारख्या साच्याच्या बाजूने जे म्हटले जाते, त्यात सर्वांत जास्त तथ्य आहे. छोट्या जिल्ह्याला स्वतंत्र रचनाकार परवडत नाही. साच्यामुळे सुरक्षितता आणि अंध व्यक्तींसाठीच्या सोयी फुकट मिळतात. त्या सोयींना आता कायद्याचे बळही आहे. ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१चा भाग मानला, आणि तो निकाल दृष्टिबाधित व ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तींना केवायसी करताना आलेल्या अडचणींतूनच आला. म्हणून साचा मोडावा असे मी म्हणत नाही. ब्रिटनने २०१२मध्ये सरकारभराचा एकच साचा केला, पण त्याच्या तत्त्वांतले पहिले तत्त्व वापरणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करण्याचे होते. आपल्या साच्यातही मुखपृष्ठावर काय ठेवायचे हे जिल्हा ठरवू शकतो. जूनमध्ये दाखले, सप्टेंबरमध्ये पीक पाहणी, ऑक्टोबरपासून धान खरेदी केंद्रांची यादी, नोंदणीची मुदत आणि लागणारे कागद, एवढे वर आणायला नवे तंत्र लागत नाही. लागते ती वर्षातून चार वेळा मुखपृष्ठ बदलण्याची जबाबदारी कुणा एकावर टाकण्याची तयारी.

केंद्र शासनाच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक सूचना २००९मध्ये आल्या, २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. नियमांची वाण नाही. वाण आहे ती अर्ज लोकांसमोर ठेवून पाहण्याची. नील्सनने २०००मध्येच दाखवून दिले होते की पाच जणांना वापरताना पाहिले तरी बहुतेक मोठे दोष उघड होतात. गोंदिया जिल्हा प्रशासनाला म्हणून एवढीच विनंती आहे: येत्या खरिपाची धान नोंदणी सुरू होण्यापूर्वी सालेकसा, देवरी, तिरोडा, आमगाव आणि सडक अर्जुनी इथून एकेक शेतकरी बोलवा, त्यांत किमान दोन स्त्रिया असू द्या, त्यांना त्यांच्याच फोनवर अर्ज भरू द्या, आणि शेजारी बसून, काहीही न सांगता, ते कुठे थांबतात ते लिहून घ्या.