रबर, संगणक आणि ‘द थिंग’

रिमेक म्हटला की आपल्याकडची जाणकार मंडळी नाक मुरडतात. पण जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ (1982) हाही एका अर्थी रिमेकच. 1951च्या चित्रपटात परग्रहावरचा प्राणी म्हणजे एक दांडगा माणूस होता, तोही वनस्पतीच्या जातीचा! प्राणी कुणाचंही रूप घेतो, ही जॉन कॅम्पबेलच्या 1938च्या कथेतली खरी कल्पना तिथे गाळलेली होती. कार्पेंटरने ती परत आणली. रिमेक करायला असं काही कारण लागतं.

2011 साली त्याच नावाचा आणखी एक आला. कथेने तो आधीचा, नॉर्वेच्या तळावर काय घडलं ते सांगणारा. पण प्रसंगांची चाल पाहिली तर रिमेकच. त्यासाठी अलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या कारागिरांनी प्राणी खरोखर घडवले होते. नंतर त्यांतल्या बऱ्याच कामावर संगणकाचं चित्र चढवलं गेलं. चाहते म्हणाले, खऱ्याचं खोटं केलं.

आता इथे जरा थांबू. रबर खरं कसं? रॉब बोटिनच्या फोम लेटेक्समध्ये परग्रहाचा अंशही नाही. आंद्रे बाझँच्या वाटेने जाणारा म्हणेल, कॅमेऱ्यासमोर काहीतरी होतं आणि त्याचा ठसा फिल्मवर उमटला. कबूल. पण ठसा रबराचा उमटला, राक्षसाचा नव्हे.

मला वाटतं, फरक अडचणीत आहे. बोटिनच्या प्राण्याला धावता येत नव्हतं. म्हणून तो एका जागी, हळूहळू उलगडताना दाखवावा लागला. तो प्रसंग आठवा : डॉक्टर नॉरिसच्या छातीला विजेचा झटका द्यायला जातो, छातीच जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे हात तोडते. (त्या शॉटसाठी दोन्ही हात नसलेल्या माणसाला डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला होता.) छाती की तोंड? नोएल कॅरलने भयपटातल्या राक्षसाच्या मुळाशी हीच पाहिली : कोटींची सरमिसळ. ती बघायला वेळ लागतो, आणि रबराने तो वेळ दिला. अर्थात 1982 साली अनेक समीक्षकांनी याच रबराला किळसवाणं म्हणून झोडपलं होतं, हेही विसरू नका.

संगणकाला ही अडचण नाही. मग 2011चा प्राणी बोळांतून धावतो, माणसांच्या मागे लागतो. अहो, जो शेजाऱ्याचं रूप घेऊन शेजारी बसू शकतो, तो वाघासारखा पाठलाग कशाला करील?

गंमत म्हणजे त्या चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग वेगळाच आहे. प्राण्याला धातूची नक्कल जमत नाही. म्हणून नायिका बॅटरी घेऊन एकेकाच्या तोंडात डोकावते, दाढेत भरलेली चांदी दिसते का ते पाहायला. ज्याचे दात धडधाकट, तो संशयित! तिथे रबर नाही, संगणक नाही. उघडं तोंड आणि बॅटरीचा झोत. माझ्या वयाच्या माणसाला त्या तळावर कुणी फार वेळ रोखून धरलं नसतं.

असो. प्रश्न असतील तर घेऊ.